मृणालने धरलेला हात

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई. बग पुन्हा घडवून दाखवता आला नाही तर तो बगच नाही, या मताची. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये यथेच्छ टर उडवलेली आहे. तेव्हा आता माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा…

मला पाण्याची भीती होती. समुद्राची वगैरे नाही, बादलीतल्या पाण्याची. पहिला तांब्या अंगावर घेण्याआधी मी डाव्या कानात अंगठा घालून पाण्याला "थांब, थांब, थांब" म्हणायचे — चांगली बत्तीस वर्षांची होईपर्यंत! अर्थात बंद दाराआड. हे कुणालाही माहीत नव्हतं. धाकटी बहीण मृणाल मात्र राज्य पातळीवर पोहलेली. आई पाहुण्यांना सांगायची, "ही हिची मेडल्स. आणि ही थोरली, हिला बादलीसुद्धा खोल वाटते." सगळे हसायचे. मृणालही.

शेवटी चिडून मी स्कूबाच्या क्लासला नाव घातलं. कर्वेनगरातला स्विमिंग पूल, रविवार सकाळ. पाण्याखाली गुडघे टेकून डोळ्यांवरचा मास्क काढायचा आणि परत लावायचा, एवढंच काम. चार रविवार मी धडपडत वर आले. पाचव्या रविवारी मृणाल बघायला आली, म्हणजे हसायलाच. पण सरांनी तिलाही सिलिंडर लावून माझ्यासोबत उतरवलं. माझा हात धरून ती म्हणाली, "ताई, दे ती भीती इकडे. मी बघते तिच्याकडे."

खाली गेल्यावर मी मास्क काढला. माझ्या बोटांतून काहीतरी गार, सावकाश, तिच्या हातात गेलं…

वर आले तेव्हा मी हसत होते. मृणाल पायऱ्यांवर कठडा घट्ट धरून बसली होती. "थंडी वाजतेय," म्हणाली. मे महिना होता.

त्या दिवसापासून ती ओल्या टॉवेलने अंग पुसते. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. तिच्या चार वर्षांच्या मुलीला आंघोळ सासूबाई घालतात. मला वाटलं, ताण असेल. पण एकदा तिच्या घरी गेले तर ती बेसिनपाशी उभी होती. डाव्या कानात अंगठा, आणि नळाला म्हणत होती — "थांब, थांब, थांब."

माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

मी नोकरी सोडली. आता इन्स्ट्रक्टर आहे, पुण्यात पूल आणि सीझनला तारकर्ली. घाबरलेल्या विद्यार्थ्यांचा हात धरावाच लागतो. मी ग्लोव्ह्ज घालते. आई हल्ली पाहुण्यांना माझे फोटो दाखवते.

गेल्या महिन्यात मृणाल स्विमिंग पूलवर आली. पाण्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"ताई, एकदाच पाण्यात माझा हात धर. परत जातं का बघू. मला माझ्या लेकीला आंघोळ घालायचीये गं."

मी घड्याळ बघितलं. "आत्ता बॅच आहे. पुढच्या रविवारी बघू."

बॅच नव्हती. तिला समोर रिकामा पूल दिसत होता. तरी "बरं" म्हणाली आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेली.

तेव्हापासून दर शनिवारी तिचा मेसेज येतो. दर शनिवारी मी तारकर्लीत असते… निदान तिला तसं कळवते.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर लिहा. उपाय मात्र लिहू नका.