मामांची कादंबरी आणि माझी साक्ष

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकच कादंबरी वाचली, आणि ती त्यांच्या हातात मी दिली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी नवीन जालन्यात एका शाळेत मराठी शिकवायचो. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. त्यांचं शेत राजूर रस्त्याला. रस्ता आणि त्यांचं शेत यांच्यामध्ये चुलतभाऊ भगवानरावांची जमीन. भगवानरावांनी मधला बांध नांगरून टाकला, असा मामांचा दावा जालन्याच्या कोर्टात चालू होता. (चालू होता म्हणजे तारखा पडत होत्या.) तारखेच्या आदल्या दिवशी मामा आमच्याकडे मुक्कामाला येत आणि दिवसभर खिडकीतून रिक्षा बघत बसत.

त्यांना विरंगुळा म्हणून मी माझ्या आवडत्या लेखकाची कोर्टातली रहस्यकथा दिली. हा लेखक तेव्हा इतका गाजत होता, की वाचनालयात त्याच्या पुस्तकासाठी नंबर लावावा लागे. त्याच्या भरवशावर मी स्वतःला अर्धा वकील समजत होतो.

मामांनी चहा थंड होऊ दिला. जेवताना पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी कोर्टातून नवी तारीख घेऊन आले आणि उरलेली पानं संपवून त्यांनी पुस्तक मिटलं. पिशवीवरचं टपोरं कणीस बघून बियाणं न्यावं आणि ते उगवूच नये, तसा चेहरा.

"जावईबापू, ह्यो लेखक कधी कोर्टात गेल्ता का?"

"का हो?"

"सगळे साक्षीदार पहिल्याच पुकाऱ्याला हजर. जज रजेवर न्हाई, वकील दुसऱ्या कोर्टात न्हाई, एकबी तारीख न्हाई. खून उन्हाळ्यात अन् पेरणीच्या आत निकाल. आमचा बांध गेला तवा तुमचं लगीन नवं होतं. आता तुमची पोरगी शाळंत जाऊन राह्यली."

"मामा, कादंबरी आहे. आटोपशीर लिहावं लागतं."

"ते जाऊ द्या. पण शेवट काय केला? एवढा बिलंदर खुनी, वकिलानं एक सवाल इचारला, की पिंजऱ्यात रडून सगळं कबूल. असं कोन कबूल करतं? उगाच डोळे फोडून घेतले म्या."

माझ्या लेखकाचा अपमान मला सोसेना. "नेमका प्रश्न विचारला की माणूस फुटतो, मामा. त्याला मानसशास्त्र म्हणतात."

"मी यांना रोज विचारते, भाजी का विसरली," स्वयंपाकघरातून माझी बायको सुनंदा म्हणाली. "अजून फुटले नाहीत."

पुढच्या तारखेला माझीच साक्ष होती. बांध गेला त्या हिवाळ्यात मी मामांच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो, म्हणून मी साक्षीदार. "इचारलं तेवढंच बोला," मामा वाटेत म्हणाले. "तुम्ही शिकलेले. काळजी न्हाई."

आमच्या वकिलांच्या प्रश्नांना मी धडा वाचून दाखवल्यासारखी उत्तरं दिली. मग भगवानरावांचे वकील उठले. त्यांना बघून माझी निराशा झाली. किरकोळ अंगाचे, सर्दीनं बेजार. टेबलावर मूठ आपटणं दूरच, नाक पुसण्यातच त्यांचा अर्धा वेळ गेला.

"सर, हुरड्याला कशावर गेल्ता?"

"स्कूटरवर."

"थेट हुरडा भाजायच्या आगटीपर्यंत?"

"हो."

"मंग मधी बांध होता ना. स्कूटर नेली कशी?"

"ढकलत" एवढा एक शब्द पुरे होता. पण मी मास्तर. अर्धवट उत्तर मला पोरांचंही खपत नाही.

"त्याची काहीच अडचण आली नाही," मी म्हणालो. "जावयाला उतरावं लागू नये म्हणून मामांनी आधीच बांध फोडून जागा सपाट करून ठेवली होती. चांगली बैलगाडी जाईल एवढी. फार प्रेमळ आहेत."

जजसाहेबांनी मान वर केली. "कुणी फोडला?"

"यांनी," मी म्हणालो, आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसा मामांकडे हात केला.

भांडणाच्या भरात ही गोष्ट मामांच्या डोक्यातून साफ गेली होती. बाहेर आल्यावर ते वकिलांना म्हणाले, "सपाट करनं येगळं अन् नांगरनं येगळं."

"ते आता जावयांना सांगा," वकील म्हणाले आणि दुसऱ्या कोर्टात निघून गेले.

चहाच्या टपरीवर भगवानराव स्वतः कप घेऊन आले. "दादा, नांगर म्या घातला, खरं हाय. पन वाट तुम्हीच करून दिल्ती." मामांनी कप घेतला. महिनाभरात तडजोड झाली. दोघांनी मिळून बांध घातला आणि भगवानरावांच्याच सांगण्यावरून स्कूटरपुरती जागा मोकळी ठेवली.

साक्षीच्या दिवशी घरी आल्यावर मामांनी कादंबरी मागितली आणि शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"लेखकाचं थोडकंच चुकलं," ते म्हणाले. "त्यानं पिंजऱ्यात खुनी उभा केला. जावई केला असता, तर मला बिलकुल पटलं असतं."

आता सासुरवाडीकडे कुणाचंही काही वाजलं, की साक्षीसाठी मला मोठ्या मानानं बोलावणं येतं. नेहमी समोरच्या पार्टीकडून.