माग थांबला की अपडेट अडकायचं

मंडळी, आज सकाळी इचलकरंजीत एका जॉबरनं, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या माणसानं, एका प्रश्नात मला जमिनीवर आणलं.

आम्ही कोल्हापुरात मागावर बसवायचे छोटे डबे बनवतो. सूत तुटलं की डबा माग थांबवतो. त्याचा नवा प्रोग्रॅम आम्ही ऑफिसातूनच इंटरनेटवरून पाठवतो. त्यावर आमची डिजिटल सही असते. ती जुळली नाही तर डबा जुनाच प्रोग्रॅम चालवतो.

इचलकरंजीतल्या एका शेडमधल्या डब्यांत चार दिवस सही जुळेचना. मी कोड तपासला, सर्व्हर तपासला. काल तर वैतागून सहीची तपासणीच काढून टाकणार होतो.

शेवटी आज तिथं जाऊन उभा राहिलो. जॉबर रफीकचाचांनी तेल द्यायला माग थांबवला आणि लगेच स्विच पाडला. त्याच स्विचवरचा डबाही विझला.

"चाचा, स्विच का पाडला?"

"आत हात घालायचा हाय की, पावणं!"

अपडेट माग थांबलेला असतानाच घ्यायचं, हे मीच ठरवलेलं. धोका नको म्हणून. चाचांचंही कारण तेच. म्हणून दरवेळी फाईल अर्धीच उतरायची आणि सही जुळायची नाही. तपासणी काढली असती, तर तो अर्धवट प्रोग्रॅम चाचा हात घालतात त्या मागावर चालला असता.

चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग चार दिवस कुणाला इचारत हुतासा?"

लॅपटॉपला, असं सांगायची लाज वाटली. तुम्ही काय सांगितलं असतं?