वाटीभर दूध

परदेशात, पिस्कॅटवेजवळच्या आमच्या गावच्या दफनभूमीत गवत कापणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. आपल्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, म्हणून माझी दहा दिवसांची मुलगी तिथे पुरली. दर रविवारी मी तिच्यापाशी वाटीभर दूध ठेवायचे आणि कोणी रागावेल म्हणून आठवडाभर धास्तावायचे. पण पुढच्या रविवारी वाटी धुतलेली, जागच्या जागी पालथी असायची. एकदा पाहिलं, तर मशीन लांब उभं करून काका गुडघ्यांवर बसले होते आणि तिच्याभोवतीचं गवत कात्रीने कापत होते.

नवऱ्याची नोकरी दूर दुसऱ्या राज्यात, प्लेनोला हलली, तेव्हा मोडक्या इंग्रजीत मी काकांना विचारलं, "आम्ही गेल्यावर हिचं कोण बघणार?"

"जागा घेताना भरलेले पैसे गावाच्या ठेवीत आहेत. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून गवत कापायचं, कायमचं. मी गेलो तर दुसरा येईल. गवत थोडंच रिटायर होतं?"

माझी शाळा सातवीतच सुटली, पण व्याज-मुद्दल मला कळतं. जरा धीर आला. मी वाटी पिशवीत घालू लागले.

"ती राहू द्या," काका म्हणाले. "दूध त्या ठेवीत बसत नाही. ते मी आणीन."