गरम तळ्याचं झाकण

माझा नवरा एस्बेन भित्रा आहे, हे लग्नाआधीच मला सांगून झालं होतं, आणि तेही माझ्या सख्ख्या बहिणीने. "अगं, तो बोटीत पाय टाकण्याआधी बोटीची परवानगी घेतो," गुड्रुन म्हणाली होती. खोटं नव्हतं. शिडीवर चढायचं तर आधी शिडी गदागदा हलवून पाहायची, गाडी सुरू करायची तर आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, असला हा माणूस. आणि अशा माणसाला आमच्या गावाने नोकरी दिली ती गरम तळ्याची.

तळं म्हणजे आमची गावचूल. गावाला ऊब पुरवणाऱ्या प्लांटमागच्या उतारावर सोलर पॅनेलच्या रांगा आहेत. उन्हाळाभर त्यांत तापलेलं पाणी तळ्यात साठवायचं आणि हिवाळाभर त्याची ऊब पाइपांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये न्यायची. उत्तर डेन्मार्कातल्या हिवाळ्यात ऊन कसलं मिळतंय? तेव्हा साठवलेलंच पुरवून वापरायचं. तळ्यावर एक भलंमोठं तरंगतं झाकण असतं. वर-खाली प्लास्टिकची जाड चादर, मध्ये ऊब धरून ठेवणारा थर. वरून पाहाल तर नुसतं मैदान. त्याखाली कातडी सोलून काढेल असं पाणी.

पावसाचं पाणी झाकणावर साचलं की ते उपसायला एस्बेनला त्यावर जावं लागे. एकट्याने जायचं नाही, कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, हा नियम. त्याचा जोडीदार निवृत्त झाल्यापासून काठावरचं माणूस म्हणजे मी. जायच्या दिवशी सकाळी त्याच्या हातातला कॉफीचा कप बशीवर किणकिणायचा. मला राग यायचा. पगार घेतोस ना, मग थरथरतोस कशाला?

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी गुड्रुन मेंढी शोधत आली. तिच्या मेंढ्या पॅनेलच्या रांगांमध्ये चरतात. तेवढंच गवत कापायचं काम वाचतं, म्हणून प्लांटलाही ते सोयीचं. कुंपण कुठेतरी वाकलं होतं आणि एक मेंढी कमी होती. गुड्रुन पुढे धावली. तिच्या मागोमाग एस्बेन आणि मी तळ्याकडे गेलो तर मेंढी समोरच दिसली. सगळं झाकण पांढरंशुभ्र, मध्यावर फक्त एक काळा उघडा डाग, त्यावर वाफ, आणि त्या उबेत मेंढी पाय दुमडून बसलेली. गुड्रुन हातात पावाचा तुकडा घेऊन तिच्यापासून चार पावलांवर पोचलीसुद्धा होती.

एस्बेनच्या तोंडचं पाणी पळालं. "तिथे बर्फ टिकत नाहीये. म्हणजे आतला थर भिजलाय. झाकण खचलंय तिथे." मग तो ओरडला, "गुड्रुन, मागे फीर!"

"झालं ह्याचं सुरू!" ती वळूनही न बघता म्हणाली. "अरे भागूबाई, मेंढी बसलीय ना इथे? ती काय कापसाची आहे?"

पुढच्या पावलाला झाकण तिच्याखाली दबलं. आजूबाजूचं वितळलेलं पाणी त्या खळग्याकडे धावलं. बघता बघता ती गुडघाभर पाण्यात. एक पाय उचलायला गेली तर दुसरा आणखी खाली जाई. मेंढी घाबरून उठली आणि खुरांनी प्लास्टिक ओरबाडू लागली.

"बिर्टे," गुड्रुनने मला हाक मारली. लहानपणानंतर तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

एस्बेनच्या बोटांना कमरेच्या दोराची गाठ जमेना. मीच ती बांधली.

"ऐक," तो म्हणाला. "तू काठ सोडायचा नाहीस. मी खाली गेलो तरी नाही."

"असलं अभद्र बोलू नकोस."

"तोंडाने हो म्हण."

"हो," मी म्हणाले. एवढी भीती मला कुठल्याच शब्दाची वाटली नव्हती.

त्याने एक लांब फळी पुढे सरकवली आणि तिच्यावर पालथा पडून निघाला. तो रडत होता. मला काठावरून ऐकू येत होतं. पण रडत रडत पुढेच सरकत होता.

"गुड्रुन, पोटावर पड. पाण्यातच पड. फळी धर."

"अरे पण माझी मेंढी..."

"खड्ड्यात गेली मेंढी! पड म्हणतो ना!"

इतक्या वर्षांत तो कुणावर असा खेकसला नव्हता. ती मुकाट्याने पडली आणि तिने फळी धरली. मी दोर ओढत राहिले, हात सोलवटले तरी ओढत राहिले. ती दोघं काठाजवळ आली तोच मागे कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. मेंढी एकदाच ओरडली.

संध्याकाळी गुड्रुन आमच्या स्वयंपाकघरात घोंगडी पांघरून बसली होती. एस्बेनने कॉफी ओतली. एक थेंब सांडला नाही.

"गंमत बघ बिर्टे," तो म्हणाला. "भीती गेली. काही म्हणजे काही वाटत नाहीये."

"आला बाई एकदाचा माणसात!" गुड्रुन हसता हसता रडायला लागली. पुढे महिनाभर लोक त्याची पाठ थोपटत होते. मला मात्र त्याचं ते वाक्य खुपत राहिलं. त्या भीतीनेच तर त्याला रोज घरी आणून सोडलं होतं. मी हे बोलले तर तो म्हणाला, "आता तू भागूबाई झालीस होय!"

झाकण दुरुस्त झालं. फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला. काल सकाळी मला जाग आली तर अंथरुणात तो नव्हता. मी तशीच तळ्यावर गेले. काठापासून थेट मध्यापर्यंत एकाच माणसाच्या पावलांची ओळ गेली होती. टोकाला एस्बेन, माझ्याकडे पाठ करून, पंप खांद्यावर, कमर मोकळी. मजेत शीळ घालत होता. हाक माझ्या ओठांवर आली होती. दचकून त्याचा पाय घसरला तर, म्हणून मी तोंडावर हात दाबून उभी राहिले.