सामानापाशी

पुण्याला नोकरी लागली तेव्हा मला सोडायला घरचे सगळे जबलपूर स्टेशनवर आले होते. सगळे म्हणजे अण्णा, आई आणि ताई. बोगी कुठे लागणार ते विचारायला अण्णा पुढे गेले, ताई पाण्याची बाटली आणायला गेली, मी उगाच रुळांकडे बघत उभा राहिलो आणि आई सामानापाशी बसली. गाडी आली, धावपळ झाली. सुटकेस चढली, एअरबॅग चढली, मी चढलो. गाडी हलली तेव्हा लक्षात आलं, की पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीची पिशवी आईच्या मांडीवरच आहे. पिशवी आईजवळ आहे म्हणजे काळजी नाही, असं आम्ही तिघांनी गृहीत धरलं होतं, आणि आईनं ती खरंच चोख सांभाळली होती. मी इटारसीला समोसे खाल्ले. पुऱ्या स्कूटरवरून महाराजपूरला, आमच्या घरी परत गेल्या आणि अण्णांना दोन दिवस पुरल्या.

ताई ही गोष्ट अजून हसून हसून सांगते. माझ्यानंतर दोन वर्षांनी तीही गेली, लग्न करून थेट कॅनडाला. गेल्या महिन्यात तिनं फोनवर विचारलं, "तिकीट काढलं होतंस ना? मग आईला आणलं का नाहीस?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नीट उत्तर आता लिहितो आहे. तिच्यासाठी, आणि आमच्यासारख्याच इतरांसाठी, ज्यांचं कोणीतरी कुठल्यातरी गावात मागे राहिलं आहे.

लहानपणी आमची रविवारची बाग ठरलेली असे. अण्णांच्या फॅक्टरीला सुट्टी. महाराजपूरहून एकाच स्कूटरवर आम्ही चौघं: मी पुढे उभा, ताई मध्ये दाबलेली, आई मागे, आणि तिच्या मांडीवर तपकिरी रेक्झिनची पिशवी. पिशवीत पाणी, चिवडा, नॅपकिन, माझा जादा शर्ट. बाग मोठी होती. घसरगुंड्या होत्या, पायडल मारायची होडी होती, संध्याकाळी रंगीत कारंजं लागायचं. पण खरी मजा लहान मुलांच्या आगगाडीची. पुढे हिरवं इंजिन, मागे चार उघडे डबे, सिमेंटच्या बोगद्यातून आणि तळ्याला वळसा घालून तीन चकरा.

तिकिटाच्या खिडकीशी पोचायच्या आत आई म्हणायची, "मी सामानापाशी बसते." मग अण्णा तीन तिकिटं काढायचे. रुळाच्या वळणावर कडुनिंबाखाली एक सिमेंटचं बाक होतं, तिथे ती बसायची. पिशवी, अण्णांची टोपी, आमच्या चपला, सगळं तिच्याजवळ. बोगद्यातून बाहेर पडलो की आम्ही ओरडायचो, "आई!" ती एक हात वर करायची. दुसरा पिशवीवर. तीन चकरांत तीनदा. तिला कधी कोणी विचारलं नाही, की तुला बसायचंय का. विचारायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पुण्यात पहिल्या तीन महिन्यांत मी "येऊन राहिलो", "करून राहिलो" म्हणणं सोडलं. ऑफिसातले लोक वाईट नव्हते, हसायचे फक्त. मराठी माणसानं मराठी मुलखात येऊन भाषा सांभाळून बोलायची, ही गंमत मी घरी कधी सांगितली नाही. मग लग्न झालं, ईएमआय आला, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आला, पार्किंगचा नंबर आला, इरा झाली. एकदा आम्ही शहराबाहेरच्या एका मोठ्या अम्युझमेंट पार्कला गेलो. तिथे बॅगा ठेवायला लॉकर असतात आणि किल्ली मनगटाला बांधतात. सामानापाशी कोणी बसत नाही, सगळे राइडवर जातात. सोय उत्तम आहे. तिथल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात चक्कर पूर्ण होताना मी सवयीनं मान वळवली, तर तिथे कोल्ड्रिंकचं मशीन होतं.

अण्णा गेल्यावर आई महाराजपूरच्या घरात एकटी राहू लागली. गेल्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली. मनगटाला प्लास्टर. शेजारच्या तिवारी भाभींनी दवाखान्यात नेलं, दोन आठवडे डबा दिला आणि आम्हाला चौथ्या दिवशी कळवलं, कारण आईनं त्यांना शपथ घातली होती. तेव्हा मी आणि ताईनं व्हिडिओ कॉलवर ठरवलं, की आता पुरे, आईला पुण्याला आणायचं. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "बघू," म्हणाली. मी ते हो धरलं आणि नाताळच्या सुट्टीत आठ वर्षांच्या इराला घेऊन जबलपूरला गेलो. परतीची तिकिटं तीन काढली होती.

निघायच्या आदल्या दिवशी इरानं बागेत जायचा हट्ट धरला. आम्ही ऑटोनं गेलो. आईनं पिशवी भरली होती. तीच रेक्झिनची, फक्त पट्टा मोच्याकडून नवा लावून घेतलेला. बाग रंगरंगोटी होऊन नटली होती, सेल्फी काढायला मोठं हृदय उभं केलं होतं, आगगाडीचं इंजिन आता निळं होतं. मी तीन तिकिटं घेऊन आलो.

"माझं काहून घेतलं?" आई म्हणाली. "मी बसते न सामानापाशी."

"आजी, सामान बाबा सांभाळेल," इरानं सांगून टाकलं आणि तिचा हात धरून ओढत नेलं.

गाडीवाल्यानं हात दिला. "आराम से अम्माजी, पैर अंदर रखिए." आई बसली, समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि गाडी गेली. मी बाकावर बसलो. चाळीस ओलांडल्यावर पहिल्यांदाच त्या बाकावर बसलो होतो. पहिल्या चकरेला आई ताठ होती. दुसऱ्या चकरेला बोगद्यात इरा किंचाळली आणि दोघी हसत बाहेर आल्या. तिसऱ्या चकरेला इरानं "बाबा!" अशी हाक मारली आणि आईनं दांड्यावरचा एक हात सोडून हलवला. मीही हात वर केला. मग पाहिलं, माझा दुसरा हात पिशवीवर होता. मला वाटलं, एक राहून गेलेलं काम आज पार पडलं. मी स्वतःवर बराच खूश होतो.

इरा तशीच घसरगुंडीकडे पळाली. आई येऊन टेकली, पदर नीट केला, पिशवी माझ्याकडून आपल्या मांडीवर घेतली.

"कसं वाटलं?"

"छान आहे," ती म्हणाली. "पण त्यात बसलं की समोरच्याची पाठच दिसते रे. इथून सगळे दिसतात."

मला ती माझी समजूत घालते आहे असं वाटलं. म्हटलं, इतकी वर्षं तुला इथे एकटीला बसवून ठेवलं, आता तसं नाही व्हायचं.

"एकटी काहून? तुम्ही येऊन राहिले, जाऊन राहिले, दर चकरीला हाका मारून राहिले. मला आवडत होतं इथे. कोणी जबरदस्ती थोडीच केली." मग घसरगुंडीकडे बघतच म्हणाली, "अन् पुण्याला मी नाही येत. महिनाभर येईन कधी. राहायला नाही."

मला राग आला. तिकिटं काढली होती, खोली रिकामी केली होती, सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपमध्ये तिचं नावसुद्धा घातलं होतं. "आई, तू काहून असं करून राहिली? परत पडलीस तर?" वीस वर्षं बाजूला ठेवलेली भाषा रागात आपोआप आली.

"चाबी तिवारी भाभीजवळ आहे. बाथरूममध्ये तू दांडा लावून दिला न परवा? मग?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही फिरा आरामात. मी आहे इथे सामानापाशी."

"कुठलं सामान, आई?"

"अण्णांचं आहे. ताईचे सर्टिफिकेट आहेत. तुझं काय कमी आहे का घरात?" तिनं चिवड्याची पुडी काढली. "चलो, बोलव तिला. भूक लागली असेल."

मी इराला बोलवायला गेलो. वाईट वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं हलकंही वाटत होतं. त्याची लाज वाटली, अजून वाटते. ते ताईला फोनवर सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी बोगी बघायला गेलो, इरा बिस्किटं घ्यायला माझ्याबरोबर आली आणि आई बाकावर सामानापाशी बसली. या वेळी डबा मी आधी मागून घेतला. तिनं रेक्झिनच्या पिशवीतून पुऱ्यांचा डबा काढून इराच्या सॅकमध्ये घातला आणि रिकामी पिशवी घडी न करता मांडीवर ठेवली. "ही राहू दे. लागते मला," म्हणाली. गाडी हलली. एसीच्या काचेतून हाक ऐकू जात नाही, तरी इरानं मारली. आईचा एक हात वर होता.

तर ताई, असं झालं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटला मी घर म्हणतो आणि ते माझं घर आहेच. तुझं तिकडे आहे. पण चक्कर पूर्ण होत आली की मान आपोआप जिकडे वळते, ते घर जबलपुरात वळणावरच्या बाकावर बसलेलं आहे, आणि ते उचलून इकडे आणायला मी निघालो होतो. तू मे महिन्यात येशील तेव्हा आपण बागेत जाऊ. मुलांना घसरगुंडीवर सोडू आणि दोघं आगगाडीत बसू. तिकिटं दोनच काढायची.