दोन फोटोंमधली चित्रं

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चित्रांमधली चित्रं काढली. कार्टून हाताने काढायचा जमाना होता तो. मुंबईतल्या एका स्टुडिओत आमची लांबच लांब खोली होती. ओळीने टेबलं, टेबलात बसवलेली काच, काचेखाली ट्यूब. मुख्य चित्रकार दोन चित्रं हातात द्यायचा. एकात ससा उडी मारायच्या बेतात, दुसऱ्यात पलीकडे टेकलेला. मधला ससा आमचा. चित्राच्या कडेला एक उभी रेघ असायची आणि तिच्यावर आडव्या खुणा. मध्ये किती चित्रं हवीत, कुठे दाट, कुठे विरळ, ते त्या खुणा सांगायच्या. त्यांच्या बाहेर जायचं नाही. पडद्यावर नाव मुख्य चित्रकाराचं आणि मान मोडायची आमची. तरी सांगतो, ससा हलतो तो मधल्या चित्रांमुळेच. फुशारकी म्हणा हवं तर.

नव्याने आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगायचो. मध्ये चित्रं जास्त घातली की हालचाल हळू होते, कमी घातली की झटपट. बाकी सगळं हात शिकतो.

मग कॉम्प्युटर आले आणि खोली बंद झाली. भंगारात निघालेलं एक काचेचं टेबल मी मागून घेतलं आणि मुरबाडकडे गावी परतलो. बायको इथेच होती. शेत, गुरं, मुलगी, सगळं तिनेच बघितलं होतं. तिचं दुखणं निघालं तेव्हा मुलगी लग्न होऊन वाशिंदला गेली होती. एक अख्खा पावसाळा बायको खाटेवर होती. पाऊस सरला आणि ती गेली.

वर्ष उलटलं. एका सकाळी सिद्धगडाकडे बघत दात घासताना माझ्या ध्यानात आलं की तिचा चेहरा आठवतो, पण ती हलताना आठवत नाही. उठते कशी, वळते कशी, काहीच डोळ्यांपुढे येईना. व्हिडिओ म्हणाल तर एक नाही. लग्नकार्यात कॅमेरा तिच्याकडे आला की ही कुणाच्या तरी पाठीमागे.

मुलीच्या मोबाइलमध्ये मात्र तिच्या आईचे दोन फोटो होते, लागोपाठ काढलेले. पहिल्यात ती चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापतेय, मान खाली, चेहरा अर्धाच. दुसऱ्यात वळून थेट मुलीकडे बघतेय. "कशाला गो फोटो काढतेस?" असं म्हणत असणार, तोंड तसंच उघडं आहे. साडी तीच, धूर तोच. दोन्हींच्या मधलं तिचं वळणं कुणाकडेच नव्हतं. मी मुरबाडला जाऊन दोन्ही फोटो कागदभर मोठे करून आणले आणि काचेवर ठेवले. दोन मुख्य चित्रं आयती मिळाली होती. मधलं काम तर माझं जन्माचंच. ती एकदा वळताना दिसावी, एवढंच मला हवं होतं.

भात झोडून झालं होतं, शेतात वाल उगवून आले होते. मला दुसरा उद्योग नव्हता. रोज सकाळी चहा झाला की टेबलाशी बसायचं. लाइट गेली तर कागद खिडकीच्या काचेला टेकवून काढायचं. मान वळताना मध्ये थोडी खाली जाते, हे ज्याला कळत नाही त्याने काढलेलं माणूस लाकडी बाहुलीसारखं वळतं. मला कळत होतं. हात अजून चालत होता.

खुणा आता मलाच घालायच्या होत्या. मी सढळ हाताने घातल्या. अडवणारं होतं कोण? कानाजवळची बट सुटते तिथे चित्रं वाढवली, पापणी उचलते तिथे आणखी. एक चित्र म्हणजे एक सकाळ तिच्यासोबत. तेवढा वेळ घर खायला उठत नसे. दुपारी एकट्यापुरता भात टाकायचो, तोही उरायचा.

शेजारची वहिनी वाल निवडत माझ्या ओट्यावर बसलेली असायची. एकदा दारातून डोकावून म्हणाली, "काय दादा, अजून चित्रंच? शाळेत नाव घातलं काय परत?"

"हो ना. परीक्षा जवळ आली," मी म्हणालो.

ती खळखळून हसली आणि सूप घेऊन घरी गेली. नंतर बराच वेळ मी दाराकडे बघत राहिलो. आणखी कुणीतरी काहीतरी बोलावं असं वाटत होतं.

होळीच्या आधी काम पुरं झालं. चाळीसच्या वर चित्रं झाली होती. रविवारी मुलगी आली. तिने स्टुलावर मोबाइल बांधून एकेका चित्राचा फोटो घेतला आणि सगळे जोडून चालवले. आम्ही दोघं पडद्यावर वाकलो.

बायको वळली. हळूहळू, पापण्या जड, मान जणू दुसऱ्याच कुणाची. मला भरून आलं. मी मुलीकडे बघितलं तर ती ओठ दाबून बसलेली.

"बाबा, ही आजारातली आई," ती म्हणाली. "खाटेवर अशी वळायची. उशीवर."

माझं डोकं फिरलं. "तुला काय कळतं गो यातलं? जन्म गेलाय माझा यात."

"मला चित्रातलं नाय कळत. पण चुलीपाशी आई अशी नव्हती. हाक मारायचा अवकाश, झटकन वळायची. अंगावरच यायची."

चित्रं जास्त, तर हालचाल हळू. जगाला शिकवलं आणि स्वतःच्या घरी विसरलो. तिने जास्त वेळ माझ्यापुढे राहावं म्हणून मी सकाळमागून सकाळ चित्रं घालत गेलो आणि तिला पुन्हा खाटेवर निजवलं.

मी गठ्ठा पुढ्यात घेतला आणि एकेक चित्र बाजूला काढायला लागलो. बटेचं चित्र सगळ्यात चांगलं उतरलं होतं. तेही काढलं. मुलगी म्हणाली, "राहू द्या ते तरी." मी म्हणालो, "नाय, तेच आडवं येतंय." काढलेल्यांचा गठ्ठा ठेवलेल्यांपेक्षा मोठा झाला. शेवटी नऊ चित्रं उरली.

मुलीने पुन्हा जोडून चालवलं.

ती वळली. अशी वळली की मी खरंच मागे सरकलो. तीच. तोच ठसका, आता शिव्या घालणार असा. मुलगी एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. "आई गं," एवढंच म्हणाली. मीही हसलो, पण माझं हसू फुटेपर्यंत तिचं वळून झालं होतं.

चार वाजता मुलगी निघाली. जाताना तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर घालून दिला. तिची रिक्षा वळणाआड गेली तसा मी ओट्यावर बसलो आणि बोट टेकवलं. बायको वळली, माझ्याकडे बघितलं, संपलं. परत लावलं. परत संपलं. "अगं थांब जरा," मी मोठ्याने म्हणालो. वहिनीच्या घराला कुलूप होतं, ऐकायला कुणी नव्हतं.

काम चोख झालं होतं. उद्या सकाळी काढायला एकही चित्र उरलं नव्हतं.