डबल बेल

आमच्या लुथरन चर्चमध्ये लहान मुलं पहिल्या बाकावर बसतात, ती एका रिटायर कंडक्टरकाकांमुळे. दारव्हा-यवतमाळ गाडीवर त्यांचा जन्म गेला. आजही ते दारात उभे राहून मुलांना म्हणतात, "समोर सरका, समोर जागा हाये."

वाचता न येणाऱ्या पोरांनाही उपासनेत काम हवं, म्हणून काकांनी त्यांना 'आमेन' दिलं. प्रार्थना संपली की काका बाकावर दोनदा टकटक करतात आणि पोरं गरजतात.

गेल्या रविवारी उपदेश लांबला. काकांना डुलकी लागली, चष्म्याची डबी हातातून सुटून बाकावर दोनदा आपटली आणि सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "आमेन." पाळकसाहेब वाक्याच्या मध्येच थांबले. मी मान खाली घातली, कारण सगळ्यात मोठा आवाज माझ्या मुलीचा होता.

काका ताडकन उभे राहिले. "पोट्ट्यायची चूक नाही, साहेब. बेल माह्याच हातून गेली."

पाळकसाहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पहिल्या बाकाकडे. मग पुस्तक मिटत म्हणाले, "डबल बेल झाली, मंग आता गाडी काढाच लागते."